देवळालीची वही, हरसूलचं घर
घर सांभाळायला वर्षाला किती लागतात? लष्कर आपल्या बराकींचा हिशेब ठेवतं त्या पद्धतीने मांडलेलं गणित

मे महिना संपत आला की हरसूलच्या बाजारात ठरलेली गर्दी होते. कुणाला ताडपत्री हवी असते, कुणाला पत्र्याचे स्क्रू, कुणाला सिमेंटचं अर्धं पोतं. मिस्त्री मात्र कुणालाच मिळत नाही, कारण सगळ्यांना तो एकाच आठवड्यात हवा असतो. मिळाला तरी दर त्याचा आणि घाई आपली. मग रोहिण्या बरसतात, राहिलेलं काम दिवाळीवर जातं आणि दिवाळीत ते दुप्पट झालेलं दिसतं.

वाघेऱ्याचा घाट चढून गिरणाऱ्यावरून नाशिक ओलांडलं की देवळाली कॅम्प लागतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी वसवलेली ही छावणी. फाळणीनंतर, पाकिस्तानात गेलेल्या काकूलहून तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र इथे आलं आणि इथेच राहिलं. बराकी, क्वार्टर, गोदामं, दवाखाने, पाण्याच्या टाक्या, रस्ते असा सगळा पसारा पिढ्यानपिढ्या उभा आहे. तो सांभाळण्याचं काम मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसचं. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या या खात्याला कॅम्पात सगळे ‘एमईएस’ म्हणतात. त्यांच्याकडेही छप्पर गळतं, नळ टपकतो, भिंतीला ओल येते. पैसे उशिरा येतात आणि कामं मागे पडतात, हेही होतं. पण कोणत्या इमारतीला कोणत्या वर्षी काय लागणार, हा प्रश्न तिथे पाऊस दाराशी आल्यावर विचारत नाहीत. तो आधीच कागदावर असतो.

आपल्या घराला तोफखाना नको, पण ही वही हवी. या लेखात तीच मांडली आहे.

एक खुलासा आधीच करतो. खालच्या उदाहरणांतले मजुरीचे आणि मालाचे दर हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. वाहतूक, हंगाम आणि मालाचा दर्जा यांप्रमाणे ते बदलतात. मापं तीच ठेवा आणि दर तुमच्या दुकानदाराला, मिस्त्रीला विचारून घाला.

लष्कराचे तीन कप्पे

एमईएसच्या कामात दुरुस्ती हा एकच शब्द नसतो. ढोबळमानाने तिचे तीन कप्पे पडतात.

पहिला कप्पा रोजच्या दुरुस्तीचा. नळाचा वॉशर गेला, कडी तुटली, कौल फुटलं, बटण जळलं. राहणारा तक्रार नोंदवतो आणि माणूस येऊन काम करून जातो.

दुसरा कप्पा मुदतीच्या कामांचा. रंग, चुना, लाकडाला तेलरंग, लोखंडाला गंजरोधक. ही कामं तक्रारीची वाट पाहत नाहीत. ठरलेली वर्षं भरली की त्यांची पाळी येते, भिंत चांगली दिसत असली तरी. रंग शोभेपेक्षा भिंतीच्या कातडीसाठी असतो, हे त्यामागचं कारण.

तिसरा कप्पा विशेष दुरुस्तीचा. छप्परच बदलायचं, वायरिंग नव्याने करायचं, पूर्ण गिलावा काढायचा. यासाठी वेगळा अंदाज, वेगळी मंजुरी, वेगळे पैसे.

आपल्या घरात तिन्ही कप्प्यांचे पैसे एकाच डब्यातून येतात आणि पहिला ओरडणारा ते घेऊन जातो. नळ ओरडतो म्हणून त्याला पैसे मिळतात. पत्र्याचा स्क्रू ओरडत नाही. तो नुसता सैल होतो.

पायरी १: घराची आजची किंमत

घर बांधलं तेव्हा किती लागले, ते इथे विसरायचं. तेवढंच घर आज नव्याने उभं करायला किती लागतील, ते लिहायचं. जमिनीची किंमत यात धरू नका.

उदाहरणासाठी २० बाय २५ फुटांचं, म्हणजे ५०० चौरस फुटांचं घर घेऊ. विटांच्या भिंती, वर पत्रा. आज चौरस फुटाला १,००० रुपये धरले तर घराची किंमत ५,००,००० रुपये.

घरकुलवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुलासाठी सपाट भागात १,२०,००० आणि डोंगरी, दुर्गम भागात १,३०,००० रुपये, आणि घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचं, असा मूळ हिशेब आहे. हे अनुदान बांधण्याचं आहे. छप्पर पाचव्या वर्षी गळलं तर त्याचा खर्च तुमचाच. म्हणून अनुदानाच्या आकड्याला घराची किंमत समजू नका. घरच्यांनी केलेली मजुरी, वरून घातलेले पैसे हे सगळं मिळवून आजचा आकडा काढा.

पायरी २: वर्षाला किती बाजूला काढायचे?

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९० मध्ये सरकारी इमारतींच्या देखभालीचा अभ्यास करून एक ढोबळ नियम सांगितला. इमारत आज नव्याने बांधायला जेवढे लागतील, त्याच्या २ ते ४ टक्के रक्कम दरवर्षी देखभाल-दुरुस्तीला लागते. लष्करी आणि नागरी, दोन्ही इमारतींच्या चर्चेत हा आकडा अजून वापरला जातो.

आपल्या उदाहरणात ५,००,००० चे २ टक्के म्हणजे १०,००० आणि ४ टक्के म्हणजे २०,००० रुपये. महिन्याला साधारण ८५० ते १,७०० रुपये.

आकडा मोठा वाटतो? मग तो कुठे जातो ते पाहू. मात्र आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. त्र्यंबक-हरसूलच्या पट्ट्यात नाशिक शहराच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो. देवळालीच्या बराकीला जे दोन टक्क्यांत भागतं, ते इकडे भागेलच असं नाही.

पायरी ३: घराला गुण द्या

अमेरिकी लष्कराच्या इलिनॉयमधल्या संशोधन प्रयोगशाळेने इमारतींची तब्येत मोजण्यासाठी ‘बिल्डर’ नावाची संगणक प्रणाली तयार केली. तपासनीस इमारतीच्या एकेका भागाला हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा देतो. २०१३ पासून तिथल्या संरक्षण खात्याने सगळ्या इमारतींसाठी शंभरपैकी गुण देण्याची एकच पद्धत ठरवली. सूत्र साधं आहे. राहून गेलेल्या दुरुस्त्यांचा खर्च भागिले आजची पूर्ण किंमत, त्याचे जेवढे टक्के येतील तेवढे शंभरातून वजा.

९० आणि त्यावर चांगली. ८० ते ८९ बरी. ६० ते ७९ वाईट. ६० च्या खाली नापास.

आपल्या ५ लाखांच्या घराला हे लावू:

• राहिलेली कामं ४०,००० ची: ९२ गुण, चांगलं.
• ९०,००० ची: ८२ गुण, बरं.
• १,५०,००० ची: ७० गुण, वाईट.
• २,२५,००० ची: ५५ गुण, नापास.

हे करायला संगणक नको. एक वही, एक पेन्सिल आणि रविवारची सकाळ पुरे. छप्पर, भिंती, जोतं, दारं-खिडक्या, वीज, पाणी-सांडपाणी अशी सहा पानं करा. प्रत्येक पानावर हिरवा, पिवळा की लाल ते लिहा आणि पिवळ्या-लालपुढे दुरुस्तीचा अंदाजी खर्च लिहा. बेरीज आली की गुण निघतात. पुढच्या वर्षी पुन्हा काढा. गुण चढले की उतरले, एवढं कळलं तरी वहीने तिचं काम केलं.

पायरी ४: कोणत्या कामाला किती?

यापुढे मिस्त्रीचा रोज ९०० आणि मदतनीसाचा ५०० धरला आहे. दोघांचा मिळून १,४०० रुपये.

पत्रा. ५०० चौरस फुटांच्या घरावर वळचणी धरून साधारण ६५० चौरस फूट पत्रा बसतो. त्याला साडेतीनशे ते चारशे स्क्रू लागतात. पत्रा सहसा लवकर सडत नाही, आधी मरतो तो स्क्रूखालचा रबरी वॉशर. उन्हाने तो कडक होतो, तडकतो आणि तिथून पाणी उतरतं. ४०० स्क्रू प्रत्येकी ५ रुपयांनी २,०००, दोन दिवसांची मजुरी २,८००. एकूण ४,८०० रुपये. दर पाच वर्षांनी धरा. नवा स्क्रू जुन्या भोकात ढिला बसत असेल तर जाड मापाचा घ्या. शेजारी नवं भोक पाडू नका, पाण्याला दोन वाटा होतात.

कौल. मंगळुरी कौलं शंभर चौरस फुटांना साधारण १३० ते १४० लागतात. ६५० फुटांना ८५० ते ९००. वारा, माकडं आणि अंगावर येणारी फांदी यांनी वर्षाला शंभरात चार फुटतात असं धरलं तर ३५ कौलं. प्रत्येकी ३५ रुपयांनी सुमारे १,२०० आणि शाकारणीची एक दिवसाची मजुरी १,४००. एकूण २,६०० रुपये, दरवर्षी. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही. म्हणून घर बांधतानाच शंभरेक कौलं जास्तीची घेऊन मागच्या पडवीत रचून ठेवा.

स्लॅब. ५०० चौरस फूट स्लॅबवर जलरोधक लेप, चौरस फुटाला ३० रुपये धरले तर १५,००० रुपये. चार-पाच वर्षांनी पुन्हा. पण लेप लावण्याआधी बादलीभर पाणी ओतून ते कुठे वाहतं ते पाहा. पाणी मधेच साचत असेल तर दोष उताराचा आहे. लेपाचे पैसे तिथे वाया जातात. आधी उतार काढून घ्या, मग लेप.

बाहेरच्या भिंती. घराचा घेर ९० फूट, उंची १० फूट. दारं-खिडक्या वजा जाता ८०० चौरस फूट. दोन हातांना लिटरमागे ५० चौरस फूट धरले तर १६ लिटर रंग, २०० रुपयांनी ३,२००. अस्तर आणि भेगा भरण्याचा माल १,५००. मजुरी चौरस फुटाला ८ रुपयांनी ६,४००. एकूण ११,१०० रुपये. दर चार वर्षांनी. पैसे कमी असतील तर फक्त पावसाच्या माराची बाजू रंगवा. आपल्याकडे वारा-पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. ती भिंत दर दोन वर्षांनी रंगवली आणि उरलेल्या तीन थांबल्या, तरी घर टिकतं.

जोतं. सगळ्यात दुर्लक्षित जागा. पागोळ्या पडून पडून जोत्याभोवती चर पडतो, पाणी पायात मुरतं आणि भिंतीवर हातभर ओल चढते. मग आपण आतून रंग देत बसतो. उपाय बाहेर आहे. घराभोवती तीन फूट रुंद, तीन इंच जाड काँक्रीटचा पट्टा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. आपल्या घराला ३०६ चौरस फूट होतो. एकास तीन, सहा मिश्रणात १० पोती सिमेंट (३७० ने ३,७००), ३५ घनफूट वाळू (ब्रासला ६,००० ने २,१००), ७१ घनफूट खडी (ब्रासला ४,००० ने २,८४०) आणि एक मिस्त्री, दोन मजूर तीन दिवस (५,७००). एकूण १४,३४० रुपये, एकदाच. हातात पंधरा हजार असतील आणि एकच काम करता येणार असेल, तर टाइल्सचा विचार बाजूला ठेवून हे करा.

लाकूड आणि लोखंड. दारांना तेलरंग, ग्रिलला गंजरोधक अस्तर, वाळवीवर औषध. ३,००० रुपये, दर तीन वर्षांनी. वाळवीची मातीची नळी दिसली की नुसती पुसू नका. ती कुठून चढते ते शोधा.

वीज. वर्षातून एकदा अर्थिंग तपासून घ्या. मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या. ओल्या भिंतीच्या घरात ती चैन नव्हे. दर महिन्याला तिच्यावरचं चाचणीचं बटण दाबून ती पडते का, ते पाहायचं.

पायरी ५: वर्षाचा हिशेब

आता पत्र्याच्या घराचा वर्षाचा आकडा तीन कप्प्यांत मांडू.

रोजची दुरुस्ती: पन्हळ साफ करणं, भेग बुजवणं, नळ, कडी, बटण. वर्षाला ३,५०० रुपये.

मुदतीची कामं: स्क्रूचे ४,८०० भागिले पाच, म्हणजे ९६०. रंगाचे ११,१०० भागिले चार, म्हणजे २,७७५. लाकूड-लोखंडाचे ३,००० भागिले तीन, म्हणजे १,०००. बेरीज ४,७३५ रुपये.

मोठी कामं: वीस वर्षांनी पत्रा बदलावा लागेल असं धरू. ६५० चौरस फूट, मालासह ७५ रुपयांनी ४८,७५०. वर्षाला २,४४० पडतात. वायरिंगचे २०,००० वीस वर्षांत, वर्षाला १,०००. बेरीज ३,४४० रुपये.

एकूण ११,६७५ रुपये. घराच्या किमतीच्या सुमारे सव्वादोन टक्के. वादळात पत्रा उडाला, झाड पडलं तर त्यासाठी थोडे वर ठेवा आणि वर्षाला १५,००० धरा. तीन टक्के झाले. दोन ते चारच्या मधोमध.

यातला तिसरा कप्पा सर्वांत फसवा आहे, कारण वीस वर्षं तो काही मागत नाही. महिन्याचे २९० रुपये पोस्टात वेगळ्या खात्यावर टाकत गेलात तर पत्र्याच्या वर्षी सावकार लागत नाही.

उशिराचं बिल

एक कौल फुटलं. ३५ रुपये आणि अर्ध्या तासाचं काम. दोन पावसाळे तसंच राहिलं तर खालची रीप कुजते, मग वासा धरतो. आता दोन वासे, दहा रिपा, आजूबाजूची कौलं उतरवून पुन्हा चढवणं आलं. लाकडाचे ३,००० आणि दोन दिवसांची मजुरी २,८०० धरली तर ५,८०० रुपये. तोवर खाली ठेवलेली नागलीची कणगी भिजली असेल तर तो हिशेब वेगळाच.

वहीतल्या लाल शेऱ्यांचा क्रम लावताना म्हणून एकच प्रश्न विचारा: हे काम वर्षभर थांबलं तर दुसरं काय खराब होईल? पत्र्याचं भोक थांबलं तर वासा, भिंत आणि वायर, तिन्ही जातात. आतला रंग थांबला तर काहीच जात नाही. पाणी अडवणारं काम नेहमी पहिलं आणि शोभेचं शेवटी.

ताबा घेताना, ताबा देताना

लष्करी क्वार्टरमध्ये माणूस राहायला येतो तेव्हा ‘मार्चिंग इन’ होतं आणि सोडताना ‘मार्चिंग आउट’. पंखे किती, काचा किती, नळ चालू किती, दाराला कुलूप आहे का, यादीवर सही. जाताना तीच यादी पुन्हा तपासतात. वापराने झिजलं ते सरकारचं, निष्काळजीपणाने मोडलं ते राहणाऱ्याच्या खिशातून. त्याला ‘बॅरक डॅमेजेस’ म्हणतात.

हरसूलमध्ये शिक्षक, नर्स, बँकेचे कर्मचारी भाड्याने राहतात. खोली देताना आपण अनामत घेतो, यादी करत नाही आणि शेवटी दोघांचीही तोंडं वाकडी होतात. एक पान करा. प्रत्येक खोलीचे मोबाइलवर फोटो काढा, तारखेसह. त्यावर दोघांची सही. झीज घरमालकाची आणि मोडतोड भाडेकरूची, हे त्याच पानावर लिहून ठेवा. खर्च झेरॉक्सचे चार रुपये.

मिस्त्रीशी बोली

सरकारी कामात पैसे देण्याआधी मोजमाप पुस्तकात काम लिहिलं जातं. लांबी, रुंदी, खोली. ‘एमबी’ भरल्याशिवाय बिल नाही. घरच्या कामातही उक्तं देण्यापेक्षा चौरस फुटावर बोला आणि काम झाल्यावर दोघांनी मिळून टेप लावा. उक्त्यात भांडण शेवटी होतं, मापात ते सुरुवातीलाच मिटतं.

दुसरी गोष्ट दोषदायित्वाची. सरकारी ठेकेदाराच्या रकमेचा काही भाग अडकवून ठेवतात आणि ठरलेल्या मुदतीत दोष निघाला तर तो त्याने स्वखर्चाने काढायचा असतो. आपणही छपराच्या कामात १० टक्के दसऱ्यापर्यंत राखून ठेवायचे. १५,००० चं काम असेल तर १,५००. ही बोली कामाआधी आणि तोंडावर व्हायला हवी. मागाहून पैसे अडवले तर ती लबाडी ठरते. मिस्त्री हातावर पोट असलेला असेल तर उरलेले ९० टक्के त्याच संध्याकाळी द्या.

तिसरं कराचं. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. रंगावरही १८ टक्के आहे. छापील किमतीत कर धरलेला असतो, वर वेगळा मागितला तर देऊ नका. ज्याची जीएसटी नोंदणी नाही, त्याला जीएसटी लावून पैसे घेता येत नाहीत. कुणी ‘बिल हवं असेल तर १८ टक्के जास्त’ म्हणाला तर आधी त्याचा नोंदणी क्रमांक पाहा.

कधी थांबायचं?

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नियमावलीत इमारतींची आयुष्यं धरलेली आहेत. सिमेंट-लोखंडाच्या सांगाड्याची ७५ वर्षं, भिंतींवर भार पेलणारी ५५, निमकायम ३०, तात्पुरती ५. ही आयुष्यं देखभाल होईल असं धरून आहेत.

देखभालीआधी बांधणी येते, हेही विसरू नका. कोचीत लष्करी कुटुंबांसाठी उभ्या केलेल्या चंदर कुंज वसाहतीचा ताबा २०१८ मध्ये दिला गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिथले दोन मनोरे धोकादायक म्हणून पाडायला सांगितले. सात वर्षांत. जिथे काँक्रीटच कच्चं, तिथे कितीही रंग लावला तरी उपयोग नाही. म्हणून नवं घर होत असताना काँक्रीटवर रोज दोन वेळा पाणी मारलं जातं का, सळईखाली ठोकळे ठेवले आहेत का, ते जातीने पाहा.

जुन्या घराचा निकाल लावताना लष्करात एकटा अधिकारी ठरवत नाही. अधिकाऱ्यांचं मंडळ बसतं, पाहणी करतं आणि लिहून देतं. तुम्हीही एकट्या मिस्त्रीच्या शब्दावर घर पाडू नका आणि वाचवूही नका. दोन वेगवेगळ्या मिस्त्रींचा अंदाज घ्या. गुण पन्नासच्या खाली असतील, म्हणजे दुरुस्तीला घराच्या निम्म्या किमतीहून जास्त पैसे लागणार असतील, तर नव्या बांधणीचा विचार करा. स्लॅबच्या सळया उघड्या पडल्या असतील किंवा भिंत ओळंब्यातून गेली असेल, तर गुण मोजत बसू नका. माणसं बाहेर काढा आणि अभियंत्याला दाखवा.

गडांचं अंदाजपत्रक

ही पद्धत परकी वाटत असेल तर आपल्याच दप्तरात पाहा. शिवाजी महाराजांच्या काळातला १६७१-७२ च्या सुमाराचा एक जाबता आहे. त्यात गडकोटांच्या इमारतींसाठी १,७५,००० होन नेमून दिले आहेत आणि त्यातले ५०,००० एकट्या रायगडाला. कोणत्या गडाला किती, ते नावानिशी. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर गडावरचा केर खाली न टाकता जाळून त्याची राख परसातल्या भाजीला घालावी इथवर बारकावा आहे. पाण्याची टाकी, झाडं, वाटा, सगळ्याची काळजी त्यात केली आहे.

हरसूलहून ठाणापाड्याकडे गेलं की खैराई दिसतो, घाटाच्या वाटेवर वाघेरा. पुढे या गडांच्या नावावर रक्कम पडणं थांबलं. दगड तोच राहिला, डोंगरही तोच. वहीतलं पान तेवढं बंद झालं.

वर्षाचं वेळापत्रक

• दसरा ते दिवाळी: पहिली पाहणी. ओल कुठे आली ते ताजं असतं. मिस्त्रीचे राखलेले पैसे याच वेळी चुकते करा.
• पौष-माघ: मिस्त्री मोकळा असतो. जोतं, गिलावा, रंग याच दिवसांत.
• होळीनंतर: छप्पर. स्क्रू, कौलं, पन्हळ. अक्षय्य तृतीयेच्या आत संपवा.
• वैशाख अखेर: अर्थिंग, गटार, घरावर आलेल्या फांद्या. बाजारात गर्दी होण्याआधी ताडपत्री घरात.
• पहिला मोठा पाऊस: दुसरी पाहणी.

ही शेवटची पाहणी बिनखर्चाची आणि सगळ्यात खरी. मुसळधार लागली की विजेरी घेऊन घरभर फिरा. जिथे थेंब दिसेल तिथे, वाशावर किंवा भिंतीवर, पेन्सिलने बारीक खूण करा आणि तारीख लिहा. पत्र्यावरून पाणी घरंगळत येतं, त्यामुळे भोक नेहमी खुणेच्या वरच्या अंगाला सापडतं. पावसाची उघडीप मिळाली की त्या खुणा वहीत उतरवा. पुढच्या ज्येष्ठात त्याच खुणेपाशी उभे राहा. ती कोरडी असेल तर मिस्त्रीला दिलेले पैसे लागू पडले. ओली असेल तर शेजारी नवी तारीख लिहा आणि छपराच्या पानावर लाल शेरा मारा.